मी वाचून दाखवलं

माझं नाव माणिक, पण इथं रेणापुरात मला त्या नावानं कोणी हाक मारत न्हाई, झेरॉक्सवाला म्हणतेत. मपला जलम शिरूर अनंतपाळच्या अलीकडं एका खेड्यातला. माय माझी बिदरकडची, ती कानडीत रागवायची, बाप मराठीत रागवायचा, आन् गल्लीत आम्ही पोरं उर्दू मिसळून कायबी बोलायचो, म्हणजे तीन भाषा तर मला घरदारातूनच आल्या, न आलेली एकच, इंग्रजी. तुम्ही कागद काढायला आलात आन् सहज विचारलं, मामा तुम्ही इंग्रजी कुठं शिकलात, तर काय सांगू तुम्हाला, ह्या मशीनच्या मागं शिकलो. बसा तुम्ही. दुपारचं गिऱ्हाईक नसतंय. लिहून घ्यायचं तर घ्या, पण माझं आडनाव नका लिहू.

आधी मी दुसऱ्याच्या दुकानात अकरा वर्षं झेरॉक्स काढली, मग मपली मशीन घेतली. ह्या कामात कसं असतंय, दुनियेचे कागद हातातून जातेत आन् एक बी आपला नसतोय. इंग्रजी कागद आला की मी फक्त बघायचो, उलटा हाय का सुलटा. एकदा कोर्टातल्या एका साहेबाचा कागद मी उलटा लावला, पाठपोट काढायचा होता, मागची बाजू डोक्यावर उभी आली, तर साहेब चारचौघांत हसला, म्हणला अरे तुझ्या हातात दिलं काय आन् गाढवापुढं ठेवलं काय सारखंच. लई लागलं मला ते. बायको म्हणली सोडा हो, साहेब काय रोज येतोय का. पण मला ते सुटलं न्हाई.

मग राठोड मॅडम आल्या. त्या कंधार तालुक्यातल्या तांड्यावरच्या, एकट्या बाईनं शिकून इथं मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन पोरींचा इंग्रजीचा क्लास काढला. आठवी ते दहावीच्या पोरी, सगळ्या जातीधर्माच्या. दर शनिवारी त्या सरावाचे कागद घेऊन यायच्या, चाळीस-चाळीस प्रती. मी विचारलं, मॅडम, बाजारात इंग्रजीची तयार पुस्तकं मिळतेत की. तर म्हणल्या, त्या पुस्तकात बर्फ पडतोय आन् कोणीतरी टर्की खातंय, आमच्या पोरींना भिंतीपलीकडं कोण राहतंय, ते काय खातेत, कोणता सण करतेत, हेच ठाऊक न्हाई, तर मी त्यातूनच इंग्रजी शिकवणार. आन् तसंच केलं बाईनं. पोरींच्या जोड्या लावल्या, मुद्दाम वेगवेगळ्या घरच्या. एकीनं दुसरीच्या घरी जायचं, सणाला जायचं, चुलीपाशी बसायचं, दहा शब्द गोळा करायचे, त्यांचं इंग्रजी शोधायचं, न्हाई सापडलं तर तो शब्द तसाच ठेवून इंग्रजीत समजावून सांगायचा, आन् मग दहा वाक्यं लिहायची.

येळवसला, म्हणजे येळ अमावस्येला शेतात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण, तर मजाच झाली. किराणावाल्या आप्पांची शिवानी, लिंगायताची पोरगी, तिची जोडी आयेशासंगं लागलेली. आयेशाचा बाप वारलेला, थोरला भाऊ इम्रान बसस्टँडपाशी मोबाईल दुरुस्तीचं टेबल लावून घर चालवायचा. शिवानीनं आयेशाला येळवसला शेतात नेलं, भज्जी म्हणजे त्या दिवशीची मिसळीची भाजी खाऊ घातली, अंबील पाजलं, आन् आयेशा दुसऱ्या दिवशी इथं माझ्या दुकानात उभं राहून मॅडमला विचारून राहिली, अंबिलाला इंग्रजीत काय म्हणायचं. मॅडम म्हणल्या, अंबीलच म्हणायचं, इंग्रजाला सांग की हे ज्वारीच्या पिठाचं आन् ताकाचं आंबट पेय हाय, आन् एकदा पिऊन बघ म्हणावं. हसलो आम्ही सगळे.

आता खरं सांगतो. मशीन प्रती काढत असती तेव्हा माणूस रिकामा असतो. मी एक प्रत बाजूला ठेवायचो आन् पेन्सिलीनं गाळलेल्या जागा भरायचो. लमाणी बाया टिंबटिंब घागरा घालतात, तिथं मी बिग लिहिलं. मॅडमला ती प्रत सापडली. मला वाटलं बाई आता हसणार. हसल्या न्हाईत. म्हणल्या, मामा, बिग बी बरोबर हाय, पण कलरफुल लिहिलं तर घागरा दिसतोय डोळ्यापुढं. त्या दिवसापासून त्या चाळीसच्या जागी एकेचाळीस प्रती सांगायच्या, एक माझी. आन् पुढच्या शनिवारी लाल पेनानं तपासून आणायच्या. वरीसभर चाललं हे. मी कोर्टाचे कागद वाचायला लागलो, दवाईच्या पुड्या वाचायला लागलो, रस्त्यावरच्या पाट्या बायकोला वाचून दाखवायचो, ती बेजार झाली होती माझ्यामुळं. इतकं सुख मला मशीन घेतली तेव्हा बी झालं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मॅडमनी सगळ्या पोरींची पानं गोळा केली, त्यांच्या हातची, म्हणल्या मामा ह्याची छोटी पुस्तिका करा, स्पायरल लावा, प्रत्येकीला एक द्या. त्या आठवड्यात माझ्या मशीनचा ड्रम बिघडला होता, पानावर काळा पट्टा यायचा. पुष्कळ पानं वाया गेली. वाया गेलेली पानं मी वर्षानुवर्षं समोरच्या शेषेरावला देतो, भज्याचा गाडा हाय त्याचा, भजी बांधायला. सगळेच झेरॉक्सवाले देतेत. मी ती पानं बघितली बी न्हाईत, गठ्ठा उचलला आन् दिला. पोरींच्या घरातल्या गोष्टी होत्या त्यात, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

चार दिवसांनी शेषेरावच्या गाड्यावरून मला हाक आली. तिथं एक जण रोज बसतो, त्याचं नाव न्हाई सांगत, सगळे दादा म्हणतेत. मागं सात-आठ जण असतेत त्याच्या. काम काय करतेत कोणाला ठाऊक न्हाई, पण गावात कोणाच्या घरी कोण आलं कोण गेलं सगळं त्यांना ठाऊक. वाईट बोलत न्हाई तो कधी. लई गोड बोलतो. म्हणला, माणिकमामा, तुम्ही म्हणे इंग्रजी शिकलात, आम्हाला तेवढं हे वाचून दाखवा की. हातात भज्याचा कागद, तेलानं पारदर्शक झालेला, काळा पट्टा मधोमध.

काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी इंग्रजी वाचायला बोलावलं होतं. दहा-बारा माणसं होती. तो कोर्टातला साहेब तिथं असायला पाहिजे होता असं मनात आलं. मी चष्मा पुसला आन् मोठ्यानं वाचलं. ईदला मी आयेशाच्या घरी गेले. मी शीरखुर्मा खाल्ला, बिर्याणी खाल्ली. तिच्या अम्मीनं मला बांगड्या भरल्या. इम्रानभाईनं मला गाडीवर घरी सोडलं. मला तिचं घर माझ्या घरापेक्षा जास्त आवडतं. आधी इंग्रजीत वाचायचो, मग मराठीत फोड करून सांगायचो, मास्तरासारखं. नुस्तं वाचून थांबलो न्हाई. वर नाव होतं ते काळ्या पट्ट्यात गेलं होतं, कोणाला लागत नव्हतं, दादानं विचारलं, कोणाचं असंल हो हे. आन् मी म्हणलं, अहो अक्षर बघा की किती सुरेख हाय, आप्पांची शिवानी हाय ही, क्लासमधी पहिली.

  दादानं कागद माझ्या हातून घेतला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आन् म्हणला, छान शिकलात मामा. मी दुकानात आलो. पाणी प्यायला गिलास उचलला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की मी काय केलं. लिंगायताची पोरगी, घरात अंडं चालत न्हाई, गळ्यात लिंग, आन् मी तिची बिर्याणी आन् ती गाडी भर बाजारात वाचून दाखवली. पळत जाऊन आप्पांना आधी सांगावं असं वाटलं. गेलो न्हाई. म्हणलं, कागदच हाय, उद्या विसरतील.

दोन दिवस काहीच झालं न्हाई, आन् ते काहीच न होणं मला सोसवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी इम्रानच्या टेबलापुढं चार जण येऊन उभे राहिले. मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई, नुस्ते उभे. दुसऱ्या दिवशी बी. गिऱ्हाईक लांबूनच परत जायचं. आठव्या दिवशी त्यानं टेबल उचललं, आन् आयेशा, तिची अम्मी आन् तो नांदेडला मामाकडं गेले. पोरीनं जाताना पुस्तिका बी नेली न्हाई, तिची प्रत इथंच राहिली, हे बघा, ह्या खणात. मग मॅडमच्या घरमालकानं सांगितलं, खोल्या मोकळ्या करा, पावण्यांसाठी पाहिजेत. पावणे कोणी आले न्हाईत, अजून कुलूप हाय. मॅडम आता बँकेच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या ओट्यावर सात पोरी घेऊन बसतेत. त्यांनी एकदा मला विचारलं, मामा, ते पान बाहेर कसं गेलं हो. मी म्हणलं, काय की मॅडम. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. माझी ती जादा प्रत त्यांनी बंद केली न्हाई, पण मीच आता भरत न्हाई ती.

शिवानीचं सांगतो. तिची शाळा घरच्यांनी त्याच आठवड्यात सोडवली. दहावीत जाणार होती. आप्पा वाईट माणूस न्हाई हो, पण दादा दोन वेळा त्याच्या दुकानात जाऊन बसला, चहा पिला, म्हणला आप्पा तुमच्या घराची काळजी वाटती आम्हाला. एवढंच. घरात पोरगी कोणाला दिसंना झाली.

आन् परवा, परवा म्हणजे शुक्रवारी, तिचा चुलता तिला घेऊन माझ्या दुकानात आला. हातात तिचं आधार आन् शाळेचा दाखला. म्हणला पाच-पाच प्रती काढा. मी कागद लावला, जन्मसाल बघितलं, हिशोब केला, सोळा बी पुरे न्हाईत. विचारलं, कशाला लागतंय मालक. म्हणला, निलंग्याकडं स्थळ जमलंय, मंगळवारी घरातल्या घरात उरकायचं. पोरगी बाजूला उभी, तोंडावर रया न्हाई, ओढणी डोक्यावरून. मशीन चालू होती. तिनं माझ्याकडं बघितलं आन् हळू, पण साफ बोलली. अंकल, प्लीज टेल हर. ओन्ली फोर डेज आर लेफ्ट. आय वॉन्ट टू लर्न.

शब्द न शब्द कळला मला. हर म्हणजे मॅडम, ते बी कळलं. तिला सांगा, चारच दिवस राहिलेत, मला शिकायचंय. भरल्या बाजारात ज्या माणसानं तिला उघडं पाडलं, त्यालाच ती सांगून राहिली, कारण तिला ठाऊकच न्हाई की वाचणारा मी होतो. चुलत्यानं मान वळवली, म्हणला काय म्हणली हो ही. आन् मी म्हणलं, काय की मालक, आम्हाला इंग्रजी कुठं येतंय, प्रती नीट काढा म्हणत असंल. चुलता हसला. पण पोरीनं माझं तोंड असं बघितलं, असं बघितलं की, जाऊ द्या. तिला वाटलं मला खरंच कळलं न्हाई. तिनं खाली मान घातली आन् प्रती मोजल्या.

आज रविवार. दोन दिवस झाले, मी मॅडमकडं गेलो न्हाई. सकाळी निघतो, बँकेपर्यंत जातो, परत येतो. दादाची माणसं बँकेपाशी बी असतेत. बायको म्हणती फोन करा. फोन हातात घेतला की मॅडम पहिलं विचारणार, मामा, तुम्हाला कसं ठाऊक, आन् मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागंल, ते पान, तो गाडा, ते मास्तरासारखं वाचणं. तेच तोंडातून निघत न्हाई. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही परके. भित्रा माणूस हाय मी, दुसरं काय. त्या लेकराचं कल्याण होवो, जिथं असंल तिथं तिच्या हातात पुस्तक असो, एवढंच मागतो मी रोज, पण मागून काय होतंय, माझे पाय बँकेच्या पुढं जात न्हाईत.

तुम्हाला इथं कोणी वळखत न्हाई. तुम्ही जाल का. बँकेच्या मागची गल्ली, निळं दार, ओट्यावर फळा टेकवलेला दिसंल. तिची ती तीन वाक्यं तिच्या शब्दात सांगा, मंगळवार म्हणून सांगा, आन् कोणी पाठवलं ते बी सांगा, सांगा की माणिकनं पाठवलं आन् पान बी त्यानंच वाचलं. एवढं मात्र लपवू नका. आता मागं बघू नका. तो गाड्यावरून उठलाय, इकडंच येऊन राहिलाय. वही मिटा ती. मराठीत लिहिलंय तुम्ही, ते त्याला माझ्याबिगर वाचता येतंय. ह्या बाजूनं निघा, उभं राहू नका. या दादा, या, बसा.