बारीक आसाची डोल

मी मुरबे गावची, समुद्राकाठची. माहेर पण मुरबे न् सासर पण मुरबेच, दोन आळ्या सोडून, म्हंजे लग्नात नीट रडायला पण जमलं नाय मला, सगळ्या हसत होत्या, बोलल्या ही काय सांजच्याला परत येल भाकर खायाला. बापाची डोलीची होडी, डोल म्हंजे समुद्रात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. शाळा माझी चौथीपर्यंत, मंग डोक्यावर मासळीची पाटी. आता बोईसरच्या बाजारात बसते, गिऱ्हाईक सगळं कारखान्यातलं, कैसा दिया मौसी बोलतात, मी पण बोलते ले जा बाबा, तेरे वास्ते कम किया.

मला एकच मुलगी, हेतल. तिला शिकवायचीच हा माझा हट्ट. आमचे मालक, हेतलचे बाप, होडी त्यांची म्हणून सगळं गाव त्यांना नाखवा बोलतं न् मी पण, ते बोलले शिकव, उद्या आपल्यालाच शिकवंल ती. न् झालं पण तसंच बघा!

नववीत होती. विज्ञानाचे सर घाटावरचे, मासळी तोंडात घालत नसत, पण पोरांना बोलले, आपल्या घरचा धंदा नीट बघून या, तो किती वरसं टिकंल ते लिहा. ही बाय कंपासातली पट्टी घेऊन बसली डोलीच्या शेपटाशी, जिथं मासळी साठते ना, तिथं. आस मोजला, आस म्हंजे जाळ्याचं भोक. मंग माझ्या पाटीतली पापलेटं मोजली, बोटाएवढी. बोलली आई, ह्यांनी एकदा पण अंडी घातली नायत, तुमी पुढल्या वरसाची मासळी औंदाच विकता. मी चिडले, बोलले तुझी वह्या-पुस्तकं ह्याच पाटीतून येतात, कळलं? पण काय सांगू तुमाला, पोर खरं बोलत होती. माझ्या बापाच्या वेळचं पापलेट ताटात मावत नव्हतं, मी खाल्लंय ते.

नाखवांनी दोन दिवस पाटीतली मासळी मोजून बघितली. तिसऱ्या दिवशी स्वतः शेपूट कापलं न् मोठ्या आसाचं जोडलं. एवढा तापट माणूस, कोणाच्या बापाचं ऐकत नाय, पण पोरीचं ऐकलं. मंग काय, बारीक मासळी सुटायची, जवळा, ती बारीक कोळंबी, तर सगळाच जायचा, न् आमच्या जाळ्यातून सुटली की मागच्या होडीच्या जाळ्यात. मंग उपयोग काय, सांगा ना तुमी? आख्ख्या बंदरात आमीच एकटे शहाणे! बाया मला मास्तरीण बोलायच्या, माझी पाटी बघून हसायच्या मेल्या. खलाशी डोंगराकडचे, त्यांना हिस्सा मिळतो मासळीवर, ते बोलले नाखवा, तुमच्या पोरीच्या वहीवर आमची चूल पेटत नाय, न् गेले दुसऱ्याच्या होडीवर. खलाशी नाय तर होडी काय मी न् नाखवा दोघं ओढणार? होळीच्या आधीच जुनं शेपूट परत जोडलं. हेतल दारात उभी राहून बघत होती. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पुढं ती मासळीचंच शिकली, मोठं शिकली. आता नोकरी हाय, किनाऱ्यानं गावोगाव फिरून लोकांना हेच सांगते, आस मोठा करा. मागल्या म्हयन्यात आमच्याच गावात सभा घेतली. नाखवा मुद्दाम इंजिन बघायला निघून गेले. मी गेले, आईनं नाय जायचं तर कोणी जायचं? काय सुंदर बोलली माझी पोर, घरचा विषय काढला नाय, कोणाला कमी लेखलं नाय, मला वाटलं घरी गेल्या गेल्या दृष्ट काढावी. शेवटाला बोलली, ज्यांच्याकडं मोठ्या आसाची डोल हाय त्यांनी हात वर करा, मी नाव लिहून घेते. कोणी करेना. कोण मोबाईल बघतंय, कोण छताकडं बघतंय. आख्ख्या गावासमोर ती वही उघडून उभी न् एक पण हात नाय हो. मला बघवेना. मी केला वर.

ती बघत राहिली माझ्याकडं. तिला माहीत, मला माहीत, बसलेल्या सगळ्यांना माहीत. मंग तिनं मान खाली घातली न् माझं नाव लिहिलं.

आज सकाळी पण तीच बोटाएवढी पापलेटं विकून आले बोईसरला. काय करू? माझ्या हातात काय हाय? देव माझ्या पोरीचं भलं करो, तिच्या वहीत खूप नावं येवोत, न् त्यातलं खोटं तेवढं एकच ऱ्हावं, माझं.