भालाईत हळू वळला पाहिजे

हॅलो? … हो, बोल अभय. … नाही, आज घरूनच करतेय. हिंजवडीला ऑफिसात येण्यात तीन तास कोण घालवणार? … काय केलंस? … थांब, परत सांग. आपल्या गेममधल्या भालाईताचा मार निम्मा केलास? सकाळीच?

… आणि पाच वाजता तो गेम सगळ्या खेळाडूंकडे जाणार? वा! कोणाला विचारलंत आपण?

… माहितीये रे, ऑनलाइनवाले रडतायत. दोन भालाईत दारात उभे केले की समोरच्याला आत शिरताच येत नाही. … मान्य. शंभर टक्के मान्य. … अरे, पण ऐक ना! तोच भालाईत एकट्याने खेळायच्या मोहिमेतही आहे. तिथे कॉम्प्युटर थवेच्या थवे अंगावर सोडतो. निम्म्या मारात नदीचा घाट कोण राखणार?

… खेळून बघितलंस? … मग कोणी बघितलं? … सौरभने? अरे, जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सगळे एकमेकांशीच भांडता! मोहीम एकट्याने बसून शेवटची कोणी खेळली, सांग बरं.

… आई खेळतेय. … हो, माझी आई. प्रेमलाकाकू. हसू नकोस, महिनाभर रोज खेळतेय ती, माझ्या ऑफिसच्या टेस्टिंग कॉपीवर; तुमचे बदल तिथे लगेच येतात. आज सकाळपासून त्या घाटावर नऊ वेळा हरली. मला वाटलं तिचंच चुकतंय. ओरडले रे मी तिच्यावर! आता कळलं कोणाची कृपा.

… काय करायचं म्हणजे? ऑनलाइनवाल्यांच्या तक्रारीवर मी आधीच दुसरा उपाय करून ठेवलाय. मार होता तेवढाच ठेव, फक्त त्याचं वळणं हळू कर. … वळणं रे! एवढा लांब भाला घेऊन गर्रकन कोण फिरतं? … हां. कॉम्प्युटरचे सैनिक समोरूनच येतात, म्हणजे मोहिमेत फरक नाही. माणूस मात्र मागून येणार. … पेटली बाबा एकदाची ट्यूब!

… खात्री? दुपारी सौरभशीच ऑनलाइन खेळले. मागून जाऊन दोन्ही भालाईत कापले. विचार त्याला, तोंड लपवून बसला असेल. … मोहीम? माझ्या बदलाची कॉपी आत्ताच लावून दिलीये आईला, बघतेच आहे. … थांब जरा. … आई, डावीकडे! … छे, मी बोटसुद्धा लावत नाहीये.

… अभय! जिंकली! घाट राखला तिने! … ऐकू येतंय ना ओरडणं? तीच. … अगं आई, हळू, सोसायटी गोळा होईल!

… तर आता तुझा बदल काढ आणि माझा घाल. पाचच्या आत. … हो, बिघडलं तर माझं नाव सांग. … घालतोस ना? नक्की? … शाब्बास.

… एक मिनिट, आई काहीतरी म्हणतेय. … काय गं? … अभय, ती विचारतेय, सकाळी भालाईत मऊ कोणी केला? … सांगितलं की मी. का लपवू? … आता तिला कॉम्प्युटरशी नाही, माणसाशी खेळायचंय म्हणे. तुझ्याशी. आत्ता. … मीटिंग? कसली मीटिंग? … हॅलो? … अभय?

… पळाला गं, आई.