पाणी वाचवल्याची ढाल

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, मुख्यालयाहून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या संचालिका बाई, माझ्या डाव्या हाताला बसलेले आणि ज्यांच्या बढतीच्या सत्कारासाठी हा हॉल फुलांनी भरलाय ते आमचे अधीक्षक साहेब, समोरची सगळी डॉक्टर मंडळी, मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे लोक, म्हणजे प्राणीघरातले, भट्टीवरचे, गोदामातले, सफाईचे, आणि अगदी दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसलेले आपले ड्रायव्हर, ज्यांनाही आज निरोप आहे असं आमंत्रणपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलंय म्हणे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. सूत्रसंचालक मघाशी कानाशी येऊन म्हणाले, "आजी, दोनच मिनिटं हं, आणि गोड बोला." बोलते की. पण बाळा, चहा तुम्ही बिनसाखरेचा पाजलात, गोड आणू कुठून?

ही पहिल्या रांगेत वही घेऊन बसलीय ती माझी नात. मी बोलेन ते ती लिहून घेणार आहे. मला लिहिता येत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, अधीक्षक साहेबांना तर फारच चांगलं ठाऊक आहे. ते कसं, ते सांगते पुढे. लिहितेस ना गं? माझा खोकला सोड, बाकी सगळं लिही.

नव्यांना मी कोण ते माहीत नसेल. जनावरांच्या रोगांची तपासणी करणाऱ्या या सरकारी संस्थेत मी एकतीस वर्षं बाटल्या धुतल्या. माझं नावच 'बाटलीमावशी' पडलं. डॉक्टर लोक सूक्ष्मदर्शकात डोळा घालतात, त्यांचे फोटो त्या भिंतीवर आहेत. त्यांना काचेवर घाण दिसू नये म्हणून जो मागच्या खोलीत उभा असतो, त्याचा फोटो कुठे असतो? नसतो. आणि नसावाच. मोरीपाशी उभ्या बाईचा फोटो काढून कोणाचं भलं झालंय?

या हातांनी काय नाही धुतलं! रक्त, पू, शेण, सडलेली आतडी ठेवलेल्या बरण्या. सुरुवातीला घरी जेवायला बसले की सासूबाई म्हणायच्या, "आधी कोपरापर्यंत धुऊन ये, मग ताटाला हात लाव." मला मात्र त्या घाणीची किळस कधी आली नाही. घाण बिचारी घाणीसारखीच दिसते, लपत नाही. मला खरी शिसारी आली ती या संस्थेतल्या एका चकचकीत, पुसून लख्ख केलेल्या खोलीत. खोली कोणाची ते विचारू नका, आज सत्काराचा दिवस आहे.

तर कामाची पद्धत सांगते. साबणाच्या पाण्यातून काढलेली बाटली दहा पाण्यांतून काढायची. सात पाणी नळाचं, तीन डिस्टिलचं. मला हे माझ्या आधीच्या बाईनं शिकवलं आणि तिला एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी. ते म्हणायचे, "बाई, साबण दिसत नाही म्हणून गेला असं नसतं. काचेला चिकटून बसतो आणि आतल्या जंतूला मारतो. मग रोग असून आम्हाला दिसत नाही." मोजायचं कसं? माझ्या मोरीच्या कठड्यावर दहा रबरी बुचं मांडलेली असायची. एक पाणी झालं की एक बूच डावीकडून उजवीकडे. मध्ये कोणी हाक मारो, फोन वाजो, बुचं काही विसरत नसत. धुतलेली बाटली उजेडात धरायची. काचेवरून पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं तर झाली. थेंब थेंब होऊन अडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मग आपले अधीक्षक साहेब आले. साहेब, हसा, तुमचं कौतुकच करतेय. साहेबांना टापटिपीची आवड, म्हणून आम्ही त्यांना लाडानं टापटीप साहेब म्हणतो. पहिल्याच दिवशी धुलाई खोलीत आले आणि बुचांकडे बोट दाखवून म्हणाले, "हा काय पसारा?"

मी म्हटलं, "पसारा नाही साहेब, मोजणी आहे."

"किती पाणी वापरता?"

"दहा."

"दहा? घरी भांडी दहादा धुता का?"

मी म्हटलं, "घरी भांड्यात जंतू वाढवत नाही साहेब."

माझ्या मागे बाटल्या पुसणारी बाई फिस्सकन हसली आणि तिथेच माझं ग्रहमान बिघडलं. दुसऱ्या दिवशी बुचं गायब. डब्यात भरून, डब्याला चिठ्ठी लावून गोदामात. आणि हुकूम आला की चार पाणी बास. पाणी वाचवा मोहीम होती ना, ज्या विभागाचं पाणी सगळ्यांत जास्त वाचेल त्याला मुख्यालयाची ढाल. मी म्हटलं, "साहेब, एवढं लेखी द्या." त्यावर साहेब काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. म्हणाले, "लेखी कशाला? तुला वाचता कुठे येतं?"

लिहिलंस का गं ते? हां. ठळक काढ.

काय म्हणता सूत्रसंचालक? दोन मिनिटं झाली? अहो, साहेबांची ओळख करून द्यायला तुम्ही पंचवीस मिनिटं घेतलीत. माझी तर अजून बाटलीसुद्धा विसळून झाली नाही.

आणि ती तिसऱ्या रांगेतून मला मघापासून 'बसा, बसा' म्हणून हात करतेय ना, ती माझी सून. माझ्या जागी आता तीच आहे धुलाई खोलीत. सूनबाई, पंखा सुरू आहे, हातानं वारा घालू नकोस.

तर मी चार पाणी द्यायला लागले. होय, मीच. साहेबांनी सांगितलं आणि मी ऐकलं. त्या बाटल्या वाफेतून काढून, बूच लावून, पेटीत भरून ड्रायव्हर गावोगाव घेऊन जायचे. गुरांच्या डॉक्टरांनी आजारी जनावराचा नमुना त्यात घालायचा आणि ड्रायव्हरांनी बर्फाच्या पेटीतून तो इथे आणायचा. बर्फाबद्दल हा माणूस इतका काटेकोर की त्याला बर्फवाला म्हणायचे. वाटेत स्वतः तहानेनं मरेल, पण पेटीतला खडा तोंडात टाकणार नाही.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. डोंगरापलीकडच्या एका गावातून नमुने आले. गुरांचे गळे सुजले होते, तोंडाला फेस. लहान पोरालाही कळेल की घटसर्प आहे. इथे तपासलं, तर काहीच उगवलं नाही. कागद गेला की रोगाचा अंश नाही. कागद तसा गेल्यावर लस कशी जाणार? नाही गेली. दहा दिवसांत त्या गावात चौतीस जनावरं मेली.

मग त्या गावातली एक बाई आली. तिच्या गोठ्यातल्या सहाच्या सहा म्हशी गेल्या होत्या. फाटकातून आत आली, कोणाशी बोलली नाही, सरळ ड्रायव्हरांच्या गाडीपाशी गेली, कारण या संस्थेतला तिला माहीत असलेला चेहरा तेवढाच. तिनं नमुने याच्याच हातात दिले होते ना! हातातलं दावं तिनं गाडीच्या टपावर ठेवलं आणि म्हणाली, "घे दादा. तूच ठेव आता. माझ्याकडे बांधायला काही उरलं नाही."

ते दावं हा माणूस दोन वर्षं गाडीत स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवून हिंडतोय. कोणी बसायला आलं तर आधी ते उचलून मांडीवर घेतो. बघितलंय का कोणी? मागच्यांनी बघितलंय. पुढच्या रांगेतले मागच्या सीटवर बसतात.

चौकशी झाली. काय निघालं? नमुन्यातले जंतू वाटेतच मेले होते, म्हणजे बर्फ वितळला, म्हणजे ड्रायव्हर निष्काळजी. झालं. किती स्वच्छ, किती टापटीप! शेरा याच्या नावावर, आणि त्याच महिन्यात पाणी वाचवल्याची ढाल साहेबांच्या टेबलावर. तीच ती, मघाशी आपण टाळ्या वाजवल्या ती. मी नाही वाजवल्या, माझे हात ओले होते असं समजा. आज बढतीचं पत्र देताना तिचाच उल्लेख तीनदा झाला. मी प्रत्येक वेळी सून बघत नाही असं बघून तोंडाला पदर लावला. उलटी झाली असती, तर पुसायलाही आमच्यातलाच कोणीतरी आला असता.

आता मला सांगा, बर्फाच्या पेट्या रिकाम्या करून धुवायला कोणाकडे यायच्या? माझ्याकडे. त्या गावाची पेटी मीच उघडली होती. आत हात घातला तर बोटं बर्फाला चिकटली. फुंकर मारून सोडवावी लागली. बर्फ दगडासारखा होता हो, संचालिका बाई! वितळला नव्हता. चौकशीला तीन साहेब आले, सात जणांना विचारलं. धुलाई खोलीत कोणी डोकावलं नाही. आणि मी? मी तरी पायऱ्या चढून सांगायला गेले का? नाही गेले.

का नाही गेले, तेही सांगते, म्हणजे तुम्हाला माझीही किळस येईल आणि हिशेब सरळ होईल. साहेब एक दिवस मोरीपाशी आले, फार प्रेमानं म्हणाले, "मावशी, सूनबाईंना तुमच्या जागी कायम करायचंय ना?" बस, एवढंच. मी मान हलवली आणि बाटल्या विसळत राहिले. चार पाण्यांत. ड्रायव्हर रोज समोरून जायचे, मी निवृत्त झाल्यावर घरीही यायचे, विचारायचे, "मावशी, बर्फ घट्ट होता ना हो? मला वेड लागलंय का?" मी म्हणायची, "आता आठवत नाही बाबा." खोटं बोलले. दोन वर्षं खोटं बोलले.

सून गेल्या महिन्यात कायम झाली. म्हणून आज बोलतेय का, असं कोणी विचारलं, तर हो, म्हणूनच. मी काही देवी नाही.

साहेब, उठू नका. फोटो अजून व्हायचाय.

ही बाटली बघा. आज सकाळचीच आहे, धुऊन, वाफवून, 'तयार'च्या फळीवरची. माझ्या पिशवीत कशी आली ते विचारू नका, म्हातारीच्या पिशवीत काहीही सापडतं. ढाल मिळाल्यापासून चाराची दोन पाणी झाली आहेत म्हणे. अध्यक्ष महाराज, तुमच्या तांब्यातलं जरा पाणी घेते. हं. अर्धी भरली. आता तोंडावर अंगठा दाबते आणि हलवते. माइक जवळ धर रे, आवाज ऐकू दे.

संचालिका बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. हे वर पांढरं पांढरं काय जमलंय?

नका सांगू. तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. पुढच्या रांगेतल्या डॉक्टर साहेबांनी तर हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. घ्या हो, प्या, ग्लास कँटीनचा आहे.

सूनबाईंचा हात खाली आलाय. बरं झालं. पोरी, उद्यापासून दहा पाणी. बुचं गोदामात तिसऱ्या मांडणीवर निळ्या डब्यात आहेत. डब्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण डबा ओळखते.

संचालिका बाई, ड्रायव्हर आज निवृत्त होतायत, या माणसाची फाईल पाच वाजता बंद होते. बंद झाली की तो शेरा त्याच्याबरोबर घरी जाणार आणि तो पुन्हा त्या गावात तोंड दाखवणार नाही. भिंतीवर पावणेपाच झालेत. साहेब म्हणतील, लेखी कुठे आहे? नात लिहून बसलीय, साहेब. बर्फ घट्ट होता, बाटल्या माझ्या हातच्या होत्या, पाणी चारच होतं आणि हुकूम तोंडी होता. आण गं ती वही इकडे. शाईचा पॅड मी घरूनच आणलाय, इथला हजेरीपुस्तकाबरोबर कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. जरा थांबा, अंगठ्याला फेस लागलाय, आधी तो पुसू दे, नाहीतर ठसा फिसकटेल.

हा घ्या. उठला. स्पष्ट आहे ना?

ड्रायव्हर, दाराकडे काय बघताय? तुमचं दावं गाडीतून काढा. संचालिका बाईंनी फाईलला नक्कल लावली की वहीचं हे पान घ्या आणि दोन्ही त्या म्हशीवाल्या बाईला नेऊन द्या. बर्फ घट्ट होता, बाबा. मला आठवतं.

एवढं बोलून मी थांबते. बोलायची संधी दिलीत म्हणून सगळ्यांचे आभार, पाण्यासाठी अध्यक्षांचे, आणि टाळ्या न वाजवता ऐकलंत म्हणून तुमचे विशेष. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. धुण्यात जे झालं, त्याची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती द्यायची की नाही, ते दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या माणसानं आणि डोंगरापलीकडच्या त्या बाईनं ठरवायचं.

नमस्कार.