क्राउझेसाहेबांची कोरडी भिंत

साठीच्या माणसानं कॉमिक्ससाठी घरमालकाशी भांडावं का, असं तुम्ही विचाराल. मी भांडलो, आणि परत भांडेन!

बायकोच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत रेगेन्सबर्गला राहतो. तिथल्या फ्लॅटमध्ये एका भिंतीला ओल येते आणि नेमकं तिथेच माझ्या लहानपणापासूनच्या कॉमिक्सचं कपाट आहे. एकेक अंक प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तरी पानांना बुरशीचा वास यायला लागला. तक्रार केली की घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, क्राउझे यांचं ठरलेलं उत्तर, "भिंत कोरडी आहे. तुम्ही लोक स्वयंपाक फार करता आणि खिडक्या उघडत नाही." बातमीदार म्हणून आयुष्यभर मंत्र्यांची असली उत्तरं छापली, आता घरातही तीच ऐकायची!

शेवटी ते पाहायला आले. बायकोनं मला आधीच बजावलं होतं, "अहो, भांडू नका हं. इथे दुसरं घर मिळत नाही."

मी दात-ओठ खात कपाट उघडलं. हेर क्राउझेंनी वाकून एक पिशवी उचलली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हा पहिल्या छपाईचा अंक आहे?"

"हो. सगळेच आहेत," मी म्हणालो.

"आणि तुम्ही ते या भिंतीला लावून ठेवलेत?" ते माझ्यावरच ओरडले. "अक्कल आहे का? हिच्यातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतंय! माझी कॉमिक्स मी इथून केव्हाच हलवली!"

मी तोंड उघडणार, तोच बायको गोड हसून म्हणाली, "हेर क्राउझे, हे जरा लेखी देता का?"