तेल कुठल्या रानात पेरायचं
माझं म्हायेर उदगीरकडं, आन् दिली किल्लारीच्या अंगाला. सासरा कसा, काय सांगू तुम्हाला, नवं धोतर आनलं की संदुकीत, वाटंत चिखल लागला की चप्पल हातात. मालक म्हनले, बैलं इकून डिझेलचा जुना ट्रॅक्टर घिऊ, तर सासरा म्हनला, बैलाची वैरण आपल्या रानात पिकती, ह्याचं तेल कुठल्या रानात पेरायचं रं? रुसला, जेवला न्हाई. तरी मालकानं आनलाच. आन् मग त्योच सासरा उठला की आधी ट्रॅक्टर पुसायचा, म्हनायचा, दूध डेरीला घाला, डिझेल आना. पोरांच्या चहात पानी आन् ट्रॅक्टरला तेल. काटकसर उरली ती आमच्या ताटापुरती.

जुनं इंजिन ते, थंडीत चालूच व्हायचं न्हाई, म्हनून उतारावर लावायचे, सोडला की घरंगळत चालू व्हायचा. मालकानंच शिकवलं मला चालवायला, कौतुकानं न्हाई बरं का, डायवर ठिवला तर पगार लागंल म्हनून. नांगरट करायची मी, ढेकळं फोडाय मोगडा घालायची, पदर खोचून.

मग भूकंप झाला. उजाडलं तवा घर कुठंच न्हाई, नुसती दगडं. सासरा त्यातच गेला, मालकाचा पाय तुळईखाली मोडला. ट्रॅक्टर उघड्यावर होता, वाचला. ट्रॉलीत मालकाला घातलं, शेजारची घातली, जी जित्ती होती ती, आन् दवाखान्याला मीच नेलं. माझी सुरेखा, लहान पोर, एका म्हातारीचं डोकं मांडीवर घिऊन बसलेली. रडली न्हाई. म्हनली, आई, खड्डे चुकव, लोकाला दुखायलंय. म्हातारी वाटंतच गेली.

भूकंपानं मालकाचा हात सैल झाला. बापानं साठवून भिताडं बांधली, तीच छातीवर पडली, आता कशाला साठवायचं, म्हनायचे. खरंबी होतं ते. सरकारची मदत मिळाली, त्यात नवा ट्रॅक्टर आला, त्याला डायवर, फटफटी, टीव्ही. मला म्हनले, आता तू खाली उतर, लोकं हसायलेत. उतरले.

पुढं सुरेखाला धाव्वीला लई मार्क पडले. गुरुजी घरी आले, म्हनले, लातूरला क्लासला घाला, डाक्टर होईल पोर. मालक म्हनले, पोरीवर खर्च म्हंजे दुसऱ्याच्या रानाला पानी. मी म्हनलं, आवो, जुना ट्रॅक्टर नुसताच उभा हाय, तो इका. न्हाई म्हनले. तिचं लगीन लावून दिलं, मांडव मात्र गावानं बघावा असा. आन् धाकटा दत्ता धाव्वी झाला, तवा तोच ट्रॅक्टर इकला, वर रानाचा तुकडा इकला, लातूरला खोली, क्लास, मेस, सगळं.

दत्ता इंजिनेर झाला, पुण्याला हाय, फोन करतो, वाईट न्हाई तो. सुरेखाचा नवरा दारूपायी मेला. मग मी तिला घिऊन लातूर गाठलं, मालक ऱ्हायले गावात. आता आमी मायलेकी क्लासच्या पोरींची मेस चालवायलोत.

परवा किनवटकडची एक पोरगी पुस्तक उघडं ठिऊन जेवायली होती. सुरेखा वाढता वाढता वाकून वाचाय लागली, तव्यावर भाकर करपली. मी दुसरी टाकली. त्या पोरीचा बाप आलता, म्हनला, मावशी, लेकीकडं ध्यान ऱ्हाऊ द्या. हाव म्हनलं, ठिवते.

शिकू देत ह्या पोरी, सुखात ऱ्हाऊ देत. पन मालकाला माफ केलं का, असं इचारू नका. ते केलं न्हाई.