नम्रपणे कळवलेला नकार

मान्यवर अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे मोठे पाहुणे, संस्थेतली सगळी शास्त्रज्ञ मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभी असलेली मुलं, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी तुमच्या मॅडमची आई. हिचे विद्यार्थी मला आजी म्हणतात, तुम्हीही म्हणा. शाळेत मी फार गेले नाही, तेव्हा माझ्या हातात माईक देणाऱ्यांनी काय विचार केला ते त्यांनाच ठाऊक. म्हणाले, "आजी, दोन शब्द बोला." दोन शब्दांत माझं कधी भागलंय?

तर माझी लेक. आयुष्यभर तारे कसे जन्मतात ते बघत बसली. बघत म्हणजे डोळ्यांनी नाही हं. मी एकदा विचारलं, "दुर्बिणीला डोळा लावून मान अवघडत नाही का गं?" तर म्हणे, "आई, डोळा नाही लावत. तिकडून रेडिओलहरी येतात, त्यांचं आम्ही चित्र करतो." मी म्हटलं, "मग अधूनमधून गाणीबिणी लागतात का?" तेव्हापासून तिचे विद्यार्थी भेटले की आधी विचारतात, "आजी, आज कुठलं गाणं?"

हिचा एक लाडका तारा आहे. वय दहा लाख वर्षं, आणि ही त्याला तान्हं बाळ म्हणते! मग मी अजून जन्मलेच नसेन. त्या ताऱ्याभोवती धुळीची मोठी तबकडी फिरते, आणि तबकडीत एक काळं, रिकामं कडं आहे. ही म्हणाली, तिथे ग्रह तयार होतोय. वाटेतली धूळ त्यानं ओढून घेतली, म्हणून तेवढी जागा मोकळी. लोक म्हणाले, तुमच्या यंत्राची चूक असेल. किती वर्षं म्हणत होते! ही सुट्टीत घरी आली की पुटपुटायची, "ग्रह दिसत नाही गं आई, नुसती त्याची जागा दिसते."

मला मात्र ते लगेच पटलं. आमचे हे गेल्यावर गादीत त्यांच्या बाजूला खळगा राहिला. शेजारीण म्हणते, गादी पिंजून घ्या. मी घेतलेली नाही. असो. समारंभात असलं बोलू नये.

गेले काही महिने माझे पाय जमिनीवर नव्हते. लेक निवृत्त होणार, घरी येणार! शिलाईचं मशीन हलवलं, तिच्या खोलीला रंग काढला, खिडकीला नवा पडदा लावला. खरं सांगू? मला करमत नाही हो. संध्याकाळी कडी लावली की सकाळी शेजारणीनं हाक मारेपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मग मी टीव्हीतल्या बायकांशी भांडते, पण त्या मेल्या उलटून बोलत नाहीत.

आणि मघाशी अध्यक्षसाहेब काय म्हणाले? डोंगरावरच्या नव्या मोठ्या दुर्बिणीवर काम करायला हिला बोलावलं होतं, तिच्यातून तो ग्रह कदाचित प्रत्यक्ष दिसेल. पण घरगुती कारणामुळे मॅडमनी नम्रपणे नकार कळवला. साहेब, मी हिची आई आहे. हिनं लहानपणापासून नम्रपणे काहीही केलेलं नाही! आणि ते घरगुती कारण म्हणजे कोण? हे काय, तुमच्यासमोर माईक धरून उभं आहे.

"आई, पुरे गं! घरी बोलू." ऐकलंत? घरी काय बोलणार? घरी तू मला गुंडाळशील. म्हणून चारचौघांत बोलते.

साहेब, तो नकार मागे घेता येतो का? मान डोलावलीत, म्हणजे येतो. मग उद्याच कळवा, मॅडम येताहेत. अगं, ज्याची नुसती जागा बघत तुझे केस पिकले, त्याला एकदा बघून तर ये. मला वाईट वाटणार. वाटू दे. पण तू घरी राहायचीस आणि तुझी ती रुखरुख रोज आपल्या दोघींच्या मध्ये जेवायला बसायची, ते मला नाही बघवणार.

आयोजकांचे, पाहुण्यांचे, आणि मला मध्येच न थांबवणाऱ्या सूत्रसंचालक बाईंचे आभार. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, जीभ जास्त चालली असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

अगं, तू कशाला उठलीस हात द्यायला? बस तिथे. पायऱ्या काही फार नाहीत. उतरते माझी मी.