बशीतलं रिंगण

नाही, पण सांगायचं कुणाला, ते सांगा ना! रविवारी भर दुपारी, खोपोलीजवळच्या छोट्याशा लॅबमध्ये आमची दहिवलीची नम्रता एकटीच उभी, हातात काचेची बशी, आणि बशीत… तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं माती चाळून जे शोधत होती ते! म्हणजे काय? जंतू हो! कुठल्याच औषधाला दाद न देणारे मुजोर जंतू बशीभर पसरलेले, मधोमध गावाकडच्या कोंडाण्याच्या डोंगराखालच्या मातीतल्या जीवाणूचा एवढुस्सा ठिपका, आणि ठिपक्याभोवती स्वच्छ रिंगण! एक जंतू जवळ फिरकलेला नाही! म्हणजे हा पठ्ठ्या काहीतरी सोडतोय आणि ते मरतायत, म्हणजे औषध! कदाचित नवंकोरं! हिनं बशी उजेडाला धरून पुन्हा बघितली. पण सांगायचं कुणाला?

वॉचमन जेवायला गेलेला. जिनं हिला वाढवलं ती सोनाबाई आत्या गेल्याच वर्षी गेली, आणि कशानं? लघवीच्या इन्फेक्शननं! डॉक्टर इंजेक्शनांवर इंजेक्शनं बदलतायत, एक लागू पडेल तर शपथ! तेव्हापासून घरी कुलूप. म्हणून तर बाई रविवारीही लॅबमध्ये!

मग लावला फोन भावाला, संतोषला. "दादा, मातीत औषध सापडलं रे!"

"आपल्या मातीत? मग गप ऱ्हा, कुनाला बोलू नको! प्लॉट घ्यायची बोलणी चाललीत, रेट वाढंल!"

घ्या! मैत्रिणीला लावला, हर्षलाला. "मला सापडला गं!" "अय्या! काय करतो तो?" अहो, तो मातीत राहतो! शेवटी लॅबच्या सरांना लावला. सर म्हणाले, "हं. तपासून बघा. बहुतेक जुनंच निघतं." झालं! डबा उघडला, गार भेंडी बशीकडे बघत खाल्ली, आणि बशीलाच म्हणाली, "शाब्बास रे बाबा." आता बशी काय बोलणार?

पुढे महिनोन् महिने तपासलं. काय निघालं? जुनंच! फार पूर्वी कुणीतरी शोधलेलं आणि किडन्या खराब करतं म्हणून टाकून दिलेलं! रडली हो पोरगी. पण रडले म्हणून तरी सांगायचं कुणाला?

आणि इकडे संतोषचा प्लॉटचा सौदा फिसकटलेला, मग काय, बहिणीनं औषध शोधलं म्हणून साऱ्या गावाला सांगून मोकळा! बॅनर, मांडव, शाल, नारळ! ही माइकवर कळवळून सांगतेय, "अहो, ते नवं नाही निघालं…" टाळ्या! "मला अजून काही सापडलेलं नाही…" आणखी टाळ्या! माणसं एवढी, आणि सांगायचं कुणाला?

खुर्च्या उचलायला लागले तेव्हा शेजारची गोदूबाई हळूच आली. पिशवीत माती! नम्रताला भरूनच आलं.

"बाय, तू मातीतलं बघतंस ना गं? मंग सांग, ह्यात वांगी व्हतील का?"

"व्हतील, मावशी," नम्रता म्हणाली आणि पिशवी ठेवून घेतली. काय करणार! एवढ्या गर्दीत तिला तिच्या कामाचं कुणी विचारलं, ते एवढंच!